पहिलं पाणी

"चाचा, फॉर्मवर होडीचं नाव लिहायचंय. यल्ला, चला लवकर, ट्रक उभा आहे!" साहेबाच्या हपिसातला मुश्ताक चौथ्यांदा म्हणाला.

आखातातल्या अजमानच्या खाडीवर दुपार कलली होती. मोहिद्दीनचाचा दोन हात लांबीची सागवानी होडी मांडीवर घेऊन बसले होते, तान्हं मूल घेऊन बसावं तसे. चार महिने खपून घडवलेली होडी. आता ती पेटीत बसून जपानच्या प्रदर्शनाला निघणार, आणि तिथे जगभरची माणसं म्हणे तिच्यापुढे रांग लावणार.

"पाणी लागल्याशिवाय होडीला नाव ठेवत नाहीत," चाचा म्हणाले. "आमच्या कोकणात, दाभोळात तरी नाही."

"अहो, मॉडेल आहे हे! पॉलिश गेलं तर साहेब माझी खरडपट्टी काढेल. शोकेसमध्ये ठेवायचीय. पाणी लगा या नहीं, कौन देखता है?"

कोण बघतं? चाचांना हसू आलं. एकोणीसशे चोवीस साली, ऐन विशीत, त्यांना लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात नेलं होतं. दोरीच्या आत बसून त्यांनी सहा महिने होडी बांधली आणि दोरीबाहेर मडमा छत्रीवर रेलून बघत राहिल्या. होडी चांगली पंचवीस हाती झाली होती. मग प्रदर्शन संपलं. चाचांना मुंबईच्या बोटीत बसवलं आणि होडी तिथेच छपराखाली राहिली, कोरडी ठणठणीत.

तेव्हापासून ती स्वप्नात येते. उशाशी येऊन टेकते, फळ्या कुरकुरवते आणि पाणी मागते. मैमुनाबी, त्यांची बायको, म्हणायची, रात्री कमी जेवत जा. चाचा सकाळी उठून गुपचूप तांब्याभर पाणी अंगणात ओतायचे. पण अंगण म्हणजे काही समुद्र नव्हे. पंचेचाळीस वर्षं झाली आणि आता ही दुसरीही तशीच कोरडी निघाली होती.

ते उठले आणि सरळ पाण्याकडे चालू लागले.

"चाचा, प्लीज! मेरी नौकरी!" मुश्ताक मागून धावला. नव्या बुटांत वाळू गेली तसा काठावरच थबकला.

भरती चढली होती. गुडघाभर पाण्यात उभं राहून चाचांनी फातेहा पढली, डोळे मिटले आणि होडी अलगद सोडली.

ती तरली. जराशी डावीकडे झुकली, सावरली आणि डुलू लागली. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. त्या उन्हात ती केवढी तरी मोठी दिसायला लागली, पंचवीस हाती. क्षणभर चाचांना वाटलं, आत चढून बसावं.

"अन्वरी," ते हळूच म्हणाले. त्यांच्या आईचं नाव.

मुश्ताकचा जीव भांड्यात पडला. गुडघ्यावर फॉर्म ठेवून त्याने घाईघाईने नाव लिहिलं. "खलास! आणा आता इकडे."

चाचांनी होडी उचलली. लुंगीच्या टोकाने तळापासून पुढच्या टोकाच्या नाळेपर्यंत पुसली, अगदी कोरडी होईपर्यंत. आणि पुन्हा खोल पाण्याकडे वळले.

"अहो, आता काय?"

"ते नाव खोड," चाचा म्हणाले. "ते लंडनवालीचं. हिला अजून पाणी लागायचंय."