दाबलेली खरखर

“अहो, ऐकताय का? काहीतरी बोला ना.”

तिनं रेडिओच्या माइकची कळ सोडली. कळ दाबली की आपण बोलायचं, सोडली की ऐकायचं. मिनिट गेलं. स्पीकर मुका. पाळण्यात बाळ गालाखाली मूठ घेऊन झोपलेलं.

दुपारचे तीन वाजले होते. इंजिन बंद पडलंय, डोलकाठी मोडली, तिच्यावरची अँटेना पाण्यात गेली, हातभर लांबीच्या जादा अँटेनावरून बोलतोय, बॅटरी थोडीच उरलीय. एवढं नवऱ्यानं बारा वाजता समुद्रातून सांगितलं होतं. होडी वाहत चालली होती, आणि त्यानंतर सगळं गप्प.

बंदरातल्या रडारवाल्यानं फोनवर बोलताना हात टेकले. “वहिनी, रडार म्हणजे हाक मारून ओ ऐकायची. लोखंडी जहाज खणखणीत ओ देतं. लाकडी होडीची ओ लाटांच्या गर्दीत हरवते. पडद्यावर नुसते ठिपके. बचावनौका तयार आहे, पण पाठवू कुठे? जागा त्यालाच सांगू दे. आमच्यापर्यंत त्याचा आवाज पोचत नाही. तुमचं घर टेकडीवर. आला तर तुमच्याकडेच येईल.”

सासरे छपरावर होते. जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेला माणूस, सत्तरीत शिडी चढला होता.

“वायर शाबूत आहे गं! अँटेना म्हणजे सेटचा कान. कान ठणठणीत आहे आपला, माझ्यासारखा नाही.”

“मग ऐकू का येत नाही, बाबा?”

ते धापा टाकत खाली आले, सेटवर वाकले. एका गोल बटणावर त्यांचं बोट थांबलं.

“स्क्वेल्च एवढा कुणी चढवला?”

तिनंच. एक वाजता, बाळाला निजवल्यावर. सेट दिवसभर खरखरतो, आणि ते बटण पिळलं की खरखर दबते. रोज दुपारी तिचा हात आपोआप तिकडे जायचा. आजही गेला होता.

“पोरी, हा दारावरचा राखणदार. खरखर बाहेर ठेवतो, पण हळू बोलणाऱ्यालाही आत सोडत नाही. आणि हातभर अँटेनाचा आवाज तो केवढा...”

त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. दोन तास. तो दार ठोठावत असणार, आणि कडी तिनं स्वतःच्या हातानं लावली होती. आता त्याची बॅटरी तरी उरली असेल का?

सासऱ्यांनी बटण उलटं फिरवलं. खरखर खोलीभर उसळली. बाळ दचकलं आणि त्यानं टाहो फोडला. तिनं त्याला खांद्यावर घेतलं, दुसऱ्या हातानं कळ दाबली. “अहो, चुकलं माझं...” पुढचे शब्द बाळाच्या रडण्यात बुडाले. तिनं कळ सोडली.

खरखर. नुसती खरखर. मग तिच्या तळाशी एक आवाज, दोऱ्यासारखा बारीक, एकेक शब्द सुटा करत आलेला.

“उठला का बाळ एकदाचा? तो झोपलाय तोवर तुला ऐकू यायचं नाही, ठाऊक होतं मला. बॅटरी राखून बसलोय. घे, जागा लिहून घे.”