डावं मागचं चाक

खाली एक गाडी थांबली आणि कप्तानांचा ब्रश अक्षराबाहेर गेला.

त्यांनी कान टवकारले. गाडीचं दार लागलं, एकदाच. म्हणजे आपली नव्हे. आपल्या गाडीचं दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. चरफडत त्यांनी काडीला कापूस गुंडाळला, थिनरमध्ये बुडवला आणि ओघळलेला पांढरा रंग पुसून काढला. कोटाच्या बटणाएवढा टायर, त्यावर तिळाएवढी अक्षरं. तीन टायर झाले होते. चौथ्याने मात्र सकाळपासून उच्छाद मांडला होता.

टेबलावरची ही छोटी गाडी म्हणजे त्यांच्याच गाडीची प्रतिकृती. खऱ्या टायरवरची अक्षरंही कप्तान दरवर्षी पांढऱ्या रंगाने गिरवायचे, आणि शेजारी गालातल्या गालात हसायचे. जहाजासारखी गाडी जपतात म्हणून बिल्डिंगने त्यांना कप्तान म्हणायला सुरुवात केली होती. आता काचबिंदूने डोळ्यांच्या कडा खाल्ल्या होत्या. समोरचा तीळ दिसे, शेजारचा हत्ती दिसत नसे. गाडी बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मग बायको शिकली. साठीला टेकलेली बाई! आज ती पहिल्यांदाच एकटी गाडी घेऊन लेकीकडे गेली होती. कप्तान बूट घालून तयार झाले, तर तिने दारातच अडवलं.

"तुम्ही शेजारी बसलात की गाडी तोंडाने चालवता. आणि एक सांगून ठेवते. गाडीला काही झालं आणि तुमचा आवाज चढला, तर मी पुन्हा चावीला हात लावायची नाही. मग बसू दोघं घरात, भिंतीकडे बघत."

फोन हाताशी होता. पण गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे कप्तानांनीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता. ते उठले, खिडकीशी गेले, परत येऊन बसले. आता चौकातलं वळण आलं असेल. तिथे ट्रक उभे करतात मेले. टेबलाखाली त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबत होता, आणि वर हाताने कसंबसं एक अक्षर भरलं. मग दुसरं. शेवटचं भरून झालं तेव्हा त्यांची मान आखडली होती.

"झालं का?" शेजारून आवाज आला.

कप्तान केवढ्याने दचकले! बायको खुर्चीला खेटून उभी होती.

"कधी आलीस? गाडीचा आवाज नाही आला."

"गेटबाहेरच ठेवली. आत घ्यायचा धीर नाही झाला." तिने पदराने कपाळ पुसलं. "वळवताना फुटपाथला घासली."

कप्तानांचा आवाज घशापर्यंत आला. इतक्या वर्षांत एक ओरखडा नव्हता त्या गाडीला. त्यांनी मान पूर्ण वळवून तिच्याकडे पाहिलं. चावी अजून तिच्या मुठीत होती. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"कुठलं चाक?"

"डावं मागचं."

कप्तानांनी चौथा टायर चिमटीत धरला, कापसाची काडी पुन्हा थिनरमध्ये बुडवली आणि नुकतंच भरलेलं अक्षर पुसायला घेतलं.

"अहो, काय करताय! सकाळपासून बसलायत त्याच्यावर."

"हुबेहूब नको का?" आवाज कापला, पण चढला नाही. "किती अक्षरं गेली?"

"दोन."

त्यांनी दोन पुसली. तिने चावी खुंटीला अडकवली, खुर्ची ओढून त्यांना दिसेल अशी अगदी समोर बसली, आणि चष्मा लावून टायर नीट निरखला.

"अजून एक पुसा," ती म्हणाली.