ठणठणीत आलेख

कारखान्याच्या सांडपाण्याने नदीकाठच्या वस्तीतल्या लोकांच्या पेशी बिघडतात का, हे इन्फ्रारेड यंत्रावर तपासून कोर्टाला सांगायचं होतं. तुलनेला निरोगी पेशी हव्यात, म्हणून आम्ही प्रयोगशाळेतल्यांनी, घरच्यांसकट, गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुने दिले. आमचेही आलेख वस्तीइतकेच बिघडलेले आले; माझ्या आठ वर्षांच्या लेकीचाही. संचालकांचा जीव भांड्यात पडला. “सगळ्यांचं सारखंच, म्हणजे हेच नॉर्मल. ‘परिणाम नाही’ लिहा, मॅडम.” “एक आलेख ठणठणीत आलाय, सर.” “कोणाचा?” “तुमचा. तुमच्याकडे पाण्याचे जार बाहेरगावाहून येतात ना.” त्यांनी चष्मा पुसला. “मग तो अपवाद. वगळा.” त्याच नदीतून येणारं आमच्या नळाचं पाणी पिण्यायोग्य असल्याचा दाखलाही गेल्या वर्षी त्यांनीच दिलेला. मी मान डोलावली. कोर्टात गेलेल्या अहवालाच्या पहिल्याच पानावर मात्र त्यांचाच आलेख आहे. खाली ओळ: तपासलेल्यांपैकी एकमेव निरोगी माणूस, संचालक.