दलदलीचं पाणी

घरच्या टबात दलदल जमली तर संजना आणखी दोन वर्षं नाशकातच राहणार होती, आणि घरात बोलायला माणूस राहणार होतं. धोंडीरामांच्या दृष्टीने हा निव्वळ नफा. फसली तर नात पुण्याच्या प्रयोगशाळेत जाणार. तिच्या संशोधनाच्या मार्गदर्शक मॅडमनी तसं स्पष्टच सांगितलं होतं: पेठच्या कातळी सड्यावरून आणलेली ही वीस दवबिंदूची रोपं, किडे धरून खाणारी, डिसेंबरपर्यंत घरी जगवून दाखव, मग पुढचं कामही घरूनच कर.

म्हणून पाटबंधारे खात्यातला हा निवृत्त कारकून आता परसात चिखल कालवत बसला होता.

सामानाची यादी संजनाने केली. त्यावर लाल पेन धोंडीरामांनी चालवलं. परदेशी शेवाळाची माती कापली. तिच्या जागी नारळाच्या भुशाची वीट आली, मीठ निघून जावं म्हणून आठ पाण्यांनी धुतलेली. नवा टब कापला. बंद पडलेल्या कूलरचा होताच. तळाला अंथरायला चांदवडच्या साडूकडून शेततळ्याच्या प्लास्टिक कागदाचा उरलेला तुकडा मिळाला. वाळू एका बांधकामावरून आली, मुकादमाला चहा पाजून.

सगळं इतकं स्वस्तात जमल्यावर माणसाचा हात थोडा सैल होतोच. रोपं लावायच्या आदल्या दिवशी धोंडीरामांनी वरून दोन ओंजळी शेणखत पसरलं. संजनाने कपाळाला हात लावला.

"आजोबा, यांना काही द्यायचं नसतं. माती उपाशी असते म्हणून तर ही किडे खातात. खत घातलं तर मरतील."

"म्हणजे माझ्यासारखीच काटकसरी."

"तुम्ही फुकटचा चहा कधी सोडलाय?"

सगळा टब उपसून वाळू पुन्हा धुवावी लागली.

खरी अडचण पाण्याची निघाली. नळाच्या पाण्यात क्षार. दोन दिवस तेच घातलं, तर एक रोप काळं पडून गेलं. पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी दसऱ्यापर्यंत पुरलं. मग संजना म्हणाली, एसीतून गळतं ते पाणी चालेल, त्यात क्षार नसतात.

एसी होता वरच्या मजल्यावर. यशोदाबाईंचा. बाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. मुलगा बंगळुरूला, त्यानेच तो आग्रहाने बसवून दिला होता. त्याचं पाणी दोन उन्हाळे धोंडीरामांच्या स्कूटरच्या सीटवर टपकत होतं. धोंडीरामांनी सोसायटीकडे दोन लेखी अर्ज केले होते. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

नातीसाठी माणूस जिना चढतो. दार उघडून बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"तिसरा अर्ज आणलात का, भाऊ?"

"नाही, बाई. आधीचे दोन मागे घेतो. पाणी तेवढं माझ्याच दारात पडू द्या."

बाईंनी नळी खाली सोडली. धोंडीरामांनी तिच्याखाली बादली लावली. ऑक्टोबरचा उकाडा होता. बादली रोज भरत होती. सकाळी ते खालून हाक मारायचे, "बाई, चालू आहे का?" बाई गॅलरीत यायच्या. चालू असल्याचं सांगून झालं की आज किती डास धरले ते विचारायच्या. मग मेथीचा भाव निघे, मग गुडघे. बादली उचलायला धोंडीरामांना पाऊण तास लागू लागला.

नोव्हेंबर उजाडला. सोसायटीतले पंखेसुद्धा बंद झाले. बाईंची बादली मात्र अर्ध्याच्या वर भरतच होती.

"थंडीत एसी," धोंडीराम संजनाला म्हणाले. "मुलगा बिल भरत असेल. मग काय, होऊ दे मजा." पण बादली रिकामी करायला ते विसरले नाहीत.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मॅडम आल्या. टबाशी उकिडव्या बसल्या, रोपं मोजली. एकोणीस जिवंत, त्यातली दोन फुलावर. "पुण्याला जायची गरज नाही," म्हणाल्या. संजनाने आजोबांचे दोन्ही हात धरले.

संध्याकाळी धोंडीराम पेढे घेऊन वर गेले. दार उघडताच गार हवेचा झोत तोंडावर आला. बाई स्वेटर, कानटोपी आणि वरून शाल अशा थाटात उभ्या. एसीवर सोळाचा आकडा. त्याच्याच खाली, इंडक्शनच्या शेगडीवर, पातेलंभर पाणी खळखळत होतं.

"हे काय, बाई?"

"हवा कोरडी झाली की एसी गळत नाही." बाईंनी सातवीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं. "खोलीत वाफ केली की बादली भरते." आणि त्या बराच वेळ खोकल्या.

धोंडीरामांची नजर टेबलावरच्या वीजबिलावर गेली. शेजारी बाईंचं पेन्शनचं पासबुक होतं. बिल भरल्याची पावती त्यातच खोचलेली.

"अहो, मला सांगायचं होतंत. पाण्याचं काहीतरी बघितलं असतं. हा बंद करून टाकायचा."

बाईंनी पेढा घेतला, अर्धा मोडला.

"बंद केला असता, तर तुम्ही सकाळी हाक कशाला मारली असती?"

धोंडीरामांनी पेढ्यांचा पुडा टेबलावर, बिलाशेजारी ठेवला. सकाळची ती पाऊण तासाची मिळकत दोघांच्या नावावर जमा होत होती. बिल एकाच पेन्शनीतून गेलं होतं.