सोमाच्या लॅपटॉपचा खरा वेग

साहेब, तुम्ही पोलिसांना खोटं लिहून दिलंत. म्हणे, सोमनाथ ऑफिसचा लॅपटॉप टेबलावर ठेवून पाच वाजता घरी निघाला. दुष्काळाच्या सालातल्या त्या दिवसापासून माझा भाऊ मुकुंदवाडीला परतलेला नाही.

परवा तुमच्या भंगारातून तोच लॅपटॉप मी आणला. स्टिकरवर वेग १३३ मेगाहर्ट्झ. वेग मोजायचा प्रोग्राम दहादा चालवला, आकडा साठाच्या पुढं जाईना.

"तुझ्यावाणीच आळशी हाय," आई हसली.

तेवढ्यात गल्लीत भोंगा वाजला. इमारती वाढल्या, टँकर तसाच आहे. आई जुन्या सवयीनं ओरडली, "सोमा, टँकर आला रं!"

या हाकेला सोमा हातातलं टाकून हंडे घेऊन पळायचा.

आकडा पळत सुटला. नव्वद. एकशे वीस. एकशे तेहतीस.

साहेब, माझा भाऊ तुमच्या ऑफिसातून निघाला तरी होता का? उत्तर द्या.