जुने डाग

“हे पांढरे ठिपके दिसतायत ना, ते डाग आहेत. मेंदूतले,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

मानसिंग पडद्याकडे वाकला. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला ताठ माणूस. फलटणहून सांगलीपर्यंत गाडी चालवताना सगळ्या वाटेवर तो रागानं धुमसत होता. पोरगी सोनम नावाच्या मैत्रिणीकडे जाते असं सांगून काल एसटीनं निघाली होती. आणि आज सकाळी फोन आला तो या बाईंचा. तुमची मुलगी आमच्याकडे आहे, वडिलांनी यायला हवं.

सृष्टी शेजारच्या खुर्चीवर बसली होती. वय एकवीस. दोन वर्षं ती पोलीस भरतीची तयारी करत होती, म्हणजे मानसिंग तिच्याकडून करून घेत होता. कालव्याच्या रस्त्यावर तो तिला भर उन्हात पळवायचा. तिसऱ्या फेरीला तिचा उजवा पाय फरफटायला लागायचा. “अंग चोरू नको,” तो मोटारसायकलवरून ओरडायचा. एकदा ती तोंडावर पडली, तेव्हा त्यानं तिला उठवून आणखी दोन फेऱ्या मारायला लावल्या होत्या. मग महिन्यापूर्वी तिला एका डोळ्यानं धुरकट दिसायला लागलं. डोळ्याचे डॉक्टर म्हणाले, बुबुळात काही नाही, डोक्याचा एमआरआय काढा. तिनं घरी येऊन सांगितलं.

“भरती तोंडावर आली आन आता बहाने सुचाय लागले,” मानसिंग म्हणाला होता. त्यानंतर तिनं विषय काढला नाही.

“आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस,” डॉक्टरबाई सांगत होत्या. “शरीर आपल्याच मेंदूतल्या तंतूंचं आवरण खातं. जिथं खातं तिथं डाग पडतो. शिरेतून औषध देऊन फोटो काढला की ताजे डाग चमकतात. हे दोन ताजे. बाकीचे सगळे जुने आहेत. हे आजकालचं दुखणं नाही. उन्हात, दमल्यावर हिचा त्रास वाढत असणार.”

“म्हणजे मी खोटं बोलत नव्हते,” सृष्टी म्हणाली. ती डॉक्टरबाईंशी बोलत होती.

“अजिबात नाही. औषध लगेच सुरू करू. सहा महिन्यांनी परत एमआरआय. नवे डाग पडायचे थांबले का, ते त्यात कळेल. जुने मात्र पुसले जात नाहीत.” त्यांनी कागद पुढं ओढला. “घरात आणखी कुणाला असं काही होतं?”

“न्हाई,” मानसिंग म्हणाला.

“आठवून सांगा. चालताना तोल जाणं, हातातून वस्तू निसटणं, डोळ्यानं दिसेनासं होऊन परत दिसणं?”

मानसिंगनं पडद्यावरचे ठिपके पुन्हा एकदा बघितले.

“हिच्या आईला हुतं,” तो म्हणाला.

सृष्टीनं मान वळवली. तिची आई ती चार वर्षांची असताना घर सोडून गेली, एवढंच तिला माहीत होतं. आजीनं आणि मानसिंगनं तेच सांगितलं होतं आणि आजी वारल्यावर तिनं कुणाला विचारलंही नव्हतं.

“आई सोडून गेली म्हणाला हुतासा, आबा.”

“मीच नेऊन घातली माहेरी. हातातनं भांडी पाडायची. रानात तण काढाय, भांगलायला नेली की सरीतच बसायची. आमाला वाटलं...”

पुढचं सृष्टीनंच पुरं केलं.

“अंग चोरती.”

फाईल घेऊन दोघं बाहेर आली. मानसिंगनं गाडी फलटणच्या दिशेनं वळवली, तसं सृष्टीनं दाराला हात घातला. “आईकडं न्या. न्हाईतर मी हितंच उतरते.” त्यानं गाडी फिरवली. तासाभरानं दोघं कवठे महांकाळला, सृष्टीच्या आजोळी पोचली.

दार अंजनाच्या, म्हणजे सृष्टीच्या आईच्या भावानं उघडलं. गुंडा त्याचं नाव. त्यानं मानसिंगला ओळखलं, पण या म्हटलं नाही. मागं उभ्या असलेल्या पोरीकडे बघून तो नुसता बाजूला झाला.

अंजना घराच्या पुढच्या सोप्यात खाटेवर होती. गेली सात वर्षं ती खाटेलाच खिळून होती. बोटं आत वळलेली, पाय काड्यांसारखे. सृष्टी चौकटीला धरून, उजवा पाय ओढत पायरी चढली. अंजनाची नजर आधी त्या पायाकडं गेली, मग तोंडाकडं.

“सृष्टे,” ती म्हणाली. “तुलाबी?”

सृष्टी खाटेवर बसली आणि तिनं ती वळलेली बोटं आपल्या हातात घेतली. मानसिंग फाईल घेऊन उभा होता. कुणी विचारलं नव्हतं तरी तो सांगायला लागला. मशीनमध्ये फोटो काढतात, त्यात सगळं दिसतं, औषध हाय, पोरगी चालती राहील म्हणत्यात.

अंजनानं ते सगळं ऐकून घेतलं. मग त्याच्याकडे बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

“हिला तरी दवाखान्यात नेलंसा. लय बरं केलंसा.”

मानसिंगनं मान खाली घातली. सृष्टी थांबली. तो काहीतरी बोलेल म्हणून तिनं पुरेशी वाट बघितली. गुंडाही दारात उभा राहून त्याच्याकडेच बघत होता. मानसिंग बोलला नाही. मिळालेलं श्रेय त्यानं ठेवून घेतलं.

“आबांनी न्हाई नेलं, आई,” सृष्टी म्हणाली. “मी चोरून गेले.”