गणपतीच्या बसचा मेल

पहिला मासा गळाला लागला तेव्हा हेमांगीच्या हातातला चहा अजून वाफाळत होता. पाठोपाठ दुसरा लागला, तिसरा लागला, आणि मग मोजायची सोयच राहिली नाही.

मरोळच्या त्या ऑफिसात दुसऱ्या कंपन्यांचे कागद स्कॅन करून सांभाळले जात. करार, पगाराचे तपशील, लोकांच्या आजारपणाचे रिपोर्ट, सगळं काही. कॉम्प्युटरवरच्या या साऱ्या ऐवजाची राखण हेमांगीकडे होती. आपली माणसं फसवा मेल ओळखतात का, हे बघायला तिने स्वतःच एक फसवा मेल रचून सगळ्यांना पाठवला होता. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांसाठी कंपनीची बस, फुकट. नाव टाका, माणसं किती ते टाका आणि ऑफिसचा पासवर्ड टाका.

पासवर्ड कुठे साठणार नाही, याची काळजी तिने घेतली होती. एका गोष्टीची मात्र घेतली नव्हती. ऑफिसातली निम्मीअधिक माणसं मालवण, देवगड, कुडाळकडची. गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण उघडतं आणि चहातली साखर ढवळेपर्यंत संपतं. त्यांच्यापुढे फुकट बस ठेवली तर पासवर्ड काय, त्यांनी घराच्या किल्ल्यासुद्धा दिल्या असत्या.

बघता बघता ऑफिसभर आनंदीआनंद झाला. श्वेताने नवऱ्याला फोन करून माळ्यावरच्या बॅगा काढायला सांगितलं. सुयोग खुर्चीतून उठून नाचला. रेकॉर्ड विभागाचे दत्ताराम काका तिकिटाअभावी दोन गणपती मुंबईतच अडकले होते. ते देवगडला थोरल्या भावाला ओरडून सांगत होते, की यंदा सगळे येतोय. तेवढ्यात केबिनमधूनही एक फॉर्म आला. तो मालकांचा, सावंत सरांचा होता. या चाचणीला आपणच परवानगी दिली होती, हे ते साफ विसरले होते. पासवर्डच्या खाली त्यांनी लिहिलं होतं, खिडकी मिळाली तर बरं.

हेमांगीचा आनंद गगनात मावेना. महिनोन् महिने ती जे कानीकपाळी ओरडत होती, ते आज सिद्ध झालं होतं. त्याच भरात ती उभी राहिली आणि सांगून मोकळी झाली, की बस वगैरे काही नाही, ही चाचणी होती, आणि तुम्ही सगळे नापास झालात.

दत्ताराम काकांनी हातातला फोन हळूच खाली ठेवला.

"हेमांगी, तुका गाव नाय गो. तुका काय कळतला?"

तिला ते फार लागलं. ती मुंबईतल्याच वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. तिचं गाव तिच्या उंबऱ्यापाशीच सुरू व्हायचं. तिकिटासाठी तळमळणं तिने कधी अनुभवलंच नव्हतं.

पुढे रीतसर प्रशिक्षण झालं. तिने एकच नियम पुन्हा पुन्हा सांगितला. शंका आली तर मेलला हात लावू नका, उठून माझ्या टेबलापाशी या. सगळ्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं आणि टेबलापाशी कोणीही आलं नाही. जेवायलाही तिला कोणी हाक मारेना. एरवी तिच्या डब्यातल्या तळलेल्या बोंबलांवर सगळे तुटून पडत, आता ते जसेच्या तसे घरी परत जाऊ लागले. तिला मनापासून वाईट वाटायचं. माणसंच तुटली तर कागद राखून काय करायचं, असं वाटून तिने दुसरी नोकरी शोधायलाही घेतली.

आणि मग एका सकाळी सगळ्यांच्या स्क्रीनवर मेल आला. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांसाठी कंपनीची बस, फुकट.

हेमांगीने तो दोनदा वाचला. हा मेल तिचा नव्हता. आपली युक्ती ऐकून कोणी खराखुरा चोर आला की काय? तिने भराभर तपासलं. लिंक एकानेही उघडली नव्हती. दुधाने तोंड पोळलेली माणसं ताकही फुंकून पीत होती. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. आधी श्वेता उठली, मग सुयोग, मग सगळेच. तिच्या टेबलाभोवती घोळका जमला आणि जो तो एकच विचारत होता, हे खरं का गं? तिला रडू यायचंच बाकी राहिलं होतं. माणसं आली होती.

मेल सरांच्या नावाने आला होता. त्याला उत्तर न देता ती तडक सरांच्या केबिनमध्ये गेली. शंका आली की उठून विचारायचं, हा नियम तिलाही लागू होता. सर कानकोंडे होऊन म्हणाले, की मेल त्यांचाच आहे. त्या फसव्या फॉर्मवर खिडकीची जागा मागितल्यापासून त्यांना स्वस्थ झोप नव्हती, म्हणून खरोखरची बस ठरवली. यात पासवर्ड मागितलेला नाही, तेवढं बघ, असंही त्यांनी अभिमानाने सांगितलं.

हेमांगी धावतच बाहेर आली आणि बस खरी असल्याचं सांगितलं. कोणी जागचं हललं नाही.

"खरी हा ना?" दत्ताराम काका म्हणाले. "मगे पयला तुझा नाव घाल."

ती क्षणभर थबकली. तिच्याही घरी गणपती बसायचा, आई काय म्हणेल कोण जाणे. मग ती खुर्चीत बसली आणि सगळ्यांच्या देखत तिने फॉर्म उघडला. नाव टाकलं, माणसं एक असं टाकलं, उतरायचं ठिकाण देवगड टाकलं. तिने बटण दाबलं मात्र, घोळका पांगला आणि ऑफिसभर कीबोर्ड वाजू लागले.

दत्ताराम काकांनी पुन्हा भावाला फोन लावला. पलीकडून भाऊ बराच वेळ बोलत होता. मागचा फोन ऐकून त्याने गावभर सांगून ठेवलं होतं आणि नंतर त्याचं हसं झालं होतं. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"नक्की रे दादा," ते म्हणाले. "ह्या वेळेक फसवणारीकच वांगडा घेऊन येतंय."